डोंगर चालू लागतो तेव्हा

कड्याची चढण संपवून मुलगा पठारावर येतो आणि जमीन हादरते. काही दिसायच्या आधी हादरा कळतो. मग पडद्याच्या कडेने एक पाय येतो. नुसता पाय. केसाळ, दगडी पट्ट्यांनी वेढलेला, प्रचंड जाड. तो टेकतो, धुरळा उठतो, मग दुसरा पाय येतो, आणि त्यांच्यावर कुठेतरी खूप उंच एक पाठ दिसते. मुलाकडे त्या प्राण्याचं लक्षही नाही. हातातला सोटा घेऊन तो आपल्या वाटेने चालला आहे.

२००५ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ या जपानी खेळातली ही पहिली मोठी भेट. व्हिडिओ गेममध्ये टप्प्याच्या शेवटी वाट अडवून उभा असलेला जो मोठा शत्रू असतो, त्याला खेळणारे ‘बॉस’ म्हणतात. या खेळात फक्त बॉसच आहेत, एकूण १६. गावं नाहीत, दुकानं नाहीत, वाटेत आडवे येणारे किरकोळ शत्रू नाहीत. वांडर नावाचा मुलगा, ॲग्रो नावाचा त्याचा घोडा, एक अफाट ओसाड प्रदेश आणि त्यात विखुरलेले ते सोळा महाकाय. देवळात निपचित पडलेल्या मोनो नावाच्या मुलीचा जीव परत यावा म्हणून वांडरने त्या सगळ्यांना मारायचं आहे.

हे सारं घडतं ते घरातल्या टीव्हीवर. फूटपट्टी लावली तर तो राक्षस काचेवर जेमतेम वीतभर भरेल. तरी छाती दडपते, हात बटणांवर थबकतात. वीतभर उजेडातून डोंगराचं वजन निर्माण होतं कसं, हा मला व्हिडिओ गेमच्या दृश्यकलेतला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर कलाकारांना आणि प्रोग्रामरांना वीसेक वर्षांत थोडं थोडं करून सापडलं. महाकाय राक्षस उभा करायचा, तर नुसता प्राणी रेखाटून भागत नाही. एक जागा रचावी लागते.

याची सुरुवात झाली ती अडचणीतून. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रात पडद्यावरचं चित्र दोन प्रकारांनी तयार होई. मागे पार्श्वभूमी, म्हणजे आकाश, विटा, जमीन. ती चौकोनी तुकडे जोडून बनायची आणि सगळी एकसाथ सरकायची. पुढे हलणाऱ्या वस्तू, म्हणजे नायक, शत्रू, गोळ्या. या हलणाऱ्या तुकड्यांना स्प्राइट म्हणतात. एक स्प्राइट ८ ठिपके रुंद, आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेत असे जास्तीत जास्त ८ दाखवण्याचीच त्या यंत्राची ताकद. आठ आठे चौसष्ट. पडदा २५६ ठिपके रुंद. म्हणजे एका रेषेतल्या सगळ्या हलणाऱ्या वस्तू मिळून पडद्याच्या पाव भागापलीकडे जाऊ शकत नव्हत्या; नववा तुकडा आला की काहीतरी गायब व्हायचं किंवा लुकलुकायला लागायचं. आणि त्या पावातच नायकालाही जागा द्यायची! अशा यंत्रावर पडदाभर पसरलेला ड्रॅगन काढायचा कसा?

कॅपकॉम कंपनीच्या मंडळींनी १९८८ च्या ‘मेगा मॅन २’मध्ये याला दिलेलं उत्तर आजही थक्क करतं. त्यांनी ड्रॅगन पार्श्वभूमीतच रंगवला. ज्या तुकड्यांनी एरवी भिंती आणि आकाश बनतं, त्यांनीच त्याचं अंग बनवलं. तो उडतो असं आपल्याला दिसतं तेव्हा प्रत्यक्षात अख्खी पार्श्वभूमी सरकत असते. मात्र पार्श्वभूमीचा थर एकच. तो ड्रॅगनने घेतल्यावर त्याच्यामागे काहीच उरत नाही. म्हणून तो येतो तेव्हा मागचं सगळं दृश्य काळंकुट्ट होतं, आणि नायक त्या पोकळीत अधांतरी ठोकळ्यांवर उभा राहून लढतो. लहानपणी हा खेळ खेळलेल्यांना ती काळी पोकळी भीती दाटावी म्हणून मुद्दाम ठेवली आहे असंच वाटलं असणार. भीती दाटतेही. पण ती पोकळी आली राक्षसाने जग गिळून टाकल्यामुळे, अगदी शब्दशः. त्याला मोठं व्हायचं होतं, म्हणून जगाला जागा सोडावी लागली.

आर्केडमधल्या, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या, यंत्रांची ताकद याहून बरीच जास्त होती, आणि तिथे हीच कल्पना वेगळ्या अंगाने फुलली. १९८७ च्या ‘आर-टाइप’मध्ये तिसरा टप्पा म्हणजेच एक अवाढव्य युद्धनौका. ती एका नजरेत मावतच नाही. आपलं चिमुकलं विमान तिच्या पोटाखालून, तोफांच्या मधून, पाठीवरून सरकत राहतं आणि तिचा एकेक अवयव फोडत जातं. तिचं पूर्ण रूप तुकड्या-तुकड्यांनी आपल्या डोक्यात जुळतं. जे एका दमात दिसत नाही ते डोळ्यांना मोठं वाटतं, हे त्या टप्प्याने शिकवलं.

आता पुन्हा सोळा महाकायांकडे. या खेळाचे दिग्दर्शक फुमितो उएदा मूळचे चित्र-शिल्पाच्या वाटेवरचे, ओसाका कला विद्यापीठात शिकलेले. त्यांचा आधीचा खेळ ‘इको’ २००१ चा. अनावश्यक ते काढत जायचं, ही त्यांची तेव्हापासूनची पद्धत. नव्या खेळासाठी सुरुवातीला ४८ महाकायांचा विचार होता. तो २४ वर आला आणि शेवटी १६ वर थांबला. हाताशी यंत्र होतं ते ३२ एमबी मेमरीचं, आणि चित्रांसाठी वेगळी अवघी ४ एमबी. आजच्या फोनमधल्या एका फोटोलाही कधीकधी तेवढी जागा लागते.

त्यात त्यांनी काय केलं ते पाहा. महाकायांच्या अंगावर त्यांनी इमारत चढवली. खांद्यावर दगडी कट्टे, कमरेला कोरीव पट्टे, पाठीवर सज्जे, कुठे पायऱ्यांसारख्या कडा. हे केवळ अलंकरण नव्हे. एखादी वस्तू किती मोठी आहे हे डोळा तिच्या बाह्याकृतीवरून ठरवू शकत नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलेली मुंगी आणि हत्ती यांच्या छायाचित्रांत माप लपून जातं. डोळ्याला ओळखीचं एकक लागतं. पायरी म्हणजे माणसाच्या पावलाएवढी, कट्टा म्हणजे माणूस बसेल एवढा, हे आपल्या शरीराला पाठ असतं. तसा एक कट्टा कुणाच्या खांद्यावर बारीकसा दिसला, की मन न सांगता गुणाकार करून मोकळं होतं. केसांचंही तेच. पहिल्या महाकायाच्या पोटरीवरची लव लांबून मखमलीसारखी दिसते. जवळ गेल्यावर ती वांडरच्या मुठीत मावणाऱ्या गवताची निघते. शिवाय सारा प्रदेश फिकट, धुरकट उजेडात ठेवलेला. दूरची वस्तू हवेच्या थरांमुळे फिकी दिसते हे चित्रकारांना शतकानुशतकं ठाऊक आहे. इथे महाकायाचे पाय गडद आणि डोकं उजेडात विरघळलेलं दिसतं, तेव्हा पाय आणि डोकं यांच्यामध्ये हवा भरलेली आहे असं वाटायला लागतं. उंची तिथून येते.

पण आकारापेक्षाही मला जास्त नवल वाटतं ते त्यांच्या चालीचं.

झोपाळ्याची कडी जितकी उंच, तितका झोका सावकाश. कडी चौपट उंच नेली तर झोक्याला दुप्पट वेळ लागतो. पंचवीस पट नेली तर पाचपट. चालताना आपला पाय कमरेपासून असाच झुलत असतो. म्हणून मूल तुरुतुरु चालतं, उंच माणूस ढांगा टाकतो, आणि माणसाच्या पंचवीस पट उंचीचा प्राणी असताच तर त्याचं एकेक पाऊल आपल्या पाचपट सावकाश पडलं असतं. हे गणित आपण शिकलेलो नसलो तरी जन्मभर झाडं, गुरं, झुले, लाटा पाहून डोळ्यांत भिनलेलं असतं. १९५४ च्या पहिल्या ‘गॉडझिला’ चित्रपटात विशेष दृश्यपरिणाम सांभाळणाऱ्या एजी त्सुबुराया यांनी याच गोष्टीचा उपयोग केला. रबराचा जड पोशाख घातलेला माणूस छोट्या प्रतिकृतींच्या शहरातून चालतो. कॅमेरा मात्र नेहमीपेक्षा जलद फिरवलेला. ती फिल्म नेहमीच्या गतीने दाखवली की पावलं मंदावतात, कोसळणाऱ्या भिंती सावकाश कोसळतात, आणि २ मीटरचा माणूस ५० मीटरचा होतो. या खेळातले महाकाय त्याच वंशातले. वंशाचा धागा संगीतातही आहे : या खेळाचे संगीतकार को ओतानी यांनीच १९९५ पासूनच्या ‘गामेरा’ या महाराक्षसपटांच्या त्रयीला संगीत दिलं होतं.

खरं तर एवढा प्राणी उभाच राहू शकत नाही. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात हे मांडून ठेवलं आहे. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण हाडाचा आडवा छेद मात्र चौपटच वाढतो. त्यामुळे मोठ्या प्राण्याचं हाड प्रमाणाबाहेर जाड हवं, नाहीतर ते स्वतःच्याच भाराने मोडेल. उंदराचे पाय काड्यांसारखे आणि हत्तीचे खांबांसारखे असतात ते यामुळे. महाकाय रेखाटणारा कलाकार निसर्गाचा हा नियम मोडतच असतो. तो मोडताना आपण पाळतोय असं भासवणं, हे त्याचं कसब. म्हणून या खेळात पाय रुंद आहेत, पाऊल उचलताना आधी सारं धड एका बाजूला झुकतं, सोटा खाली आपटल्यावर तो पुन्हा वर न्यायला वेळ लागतो, आणि प्रत्येक पावलाला धूळ, हादरा, मंद्र आवाज अशी साक्ष मिळते. ज्याला वळायला वेळ लागतो त्याला वजन आहे, असं मन धरून चालतं.

इथे खेळ बनवणाऱ्यांपुढे पेच असतो. शत्रू सावकाश असला की लढाई कंटाळवाणी होण्याची भीती. बहुतेक खेळ इथे हार मानतात. त्यांचे राक्षस दिसतात डोंगराएवढे आणि हात हलवतात माशी मारावी तसे. क्षणात वजन उडून जातं. उएदांच्या चमूने त्या संथपणालाच खेळ केलं. महाकायाचा हात वर जाऊन खाली येईपर्यंतचा जो वेळ, तो आपल्याला त्याच्या अंगावर चढायला मिळालेला वेळ. तिसरा महाकाय तळ्यातल्या एका गोल चौथऱ्यावर उभा असतो. त्याचा एक हात म्हणजे दगडी तलवारच. ती तलवार आपल्यावर आपटते, जमिनीवर टेकून राहते, आणि तेवढ्यात वांडर तिच्यावरून पळत वर जातो. हत्यार होतं, त्याची वाट झाली. मी पाहिलेल्या खेळांमध्ये इतकी नेमकी कल्पना दुसरी नाही.

एकदा अंगावर चढलं की खरी करामत सुरू होते. नेहमीच्या खेळात जमीन स्थिर असते आणि पात्र तिच्यावर धावतं. यंत्राला फक्त पाय कुठे टेकला एवढंच पाहावं लागतं. इथे जमीन म्हणजे चालत्या, वळत्या, अंग झटकत्या जनावराची कातडी. ती प्रत्येक क्षणी वाकते. मघाशी जी भिंत होती ती महाकाय ओणवा झाल्यावर पठार होते, तिच्यावर उभं राहता येतं; तो ताठ झाला की पुन्हा भिंत. त्या हलत्या पृष्ठभागाशी वांडरचे हात-पाय कुठे भिडतात याचा हिशेब यंत्राने सतत मांडायचा. केस दाखवायला तेच अंग थोडं थोडं फुगवून, पारदर्शक थरांवर थर देऊन पुन्हा पुन्हा रंगवायचं. थरांवरचे ठिपके एकावर एक येऊन लव उभी राहते. प्लेस्टेशन २ ला हे झेपत नव्हतं, चित्र अनेकदा अडखळायचं, हेही खरं. तरीही त्या काळी, त्या यंत्रावर हे करून दाखवलं, याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे.

आणि खेळणाऱ्याच्या हाताला यातून काय मिळतं! पकड ठेवायला एक बटण दाबून धरावं लागतं. सोडलं की पडलो. कोपऱ्यातलं एक वर्तुळ आकसत जातं, ती वांडरची उरलेली ताकद. महाकाय अंग झटकतो तेव्हा वांडर चिंधीसारखा फडफडतो, तलवार उगारताच येत नाही, आणि आपलं बोट त्या बटणावर नकळत दुखेपर्यंत रुतलेलं असतं. डोळ्यांनी सुरू झालेला मोठेपणाचा अनुभव इथे स्नायूंपर्यंत पोहोचतो. चढाई सुरू झाली की संगीतही बदलतं. दबा धरलेली धून एकदम उसळते. ते एवढं जाणवतं, कारण त्याआधी घोड्यावरून शोधत हिंडताना संगीत जवळपास नसतंच. टापा, वारा, एवढंच.

सोळांतले सगळे प्रचंड नाहीत. अकरावा आणि चौदावा तुलनेने लहान, चपळ; धावून येऊन धडका देतात. दरारा त्यांचा तेवढा नाही, हे मान्य करायला हवं. पण मोठ्यांची सवय झालेल्या डोळ्यांना ते पुन्हा मापावर आणतात, आणि मग पुढचा मोठा येतो तेव्हा पहिल्या दिवसासारखा मोठा वाटतो.

चेहऱ्यांबद्दल न बोलून चालणार नाही. राक्षस म्हटलं की जबडा, दात, लाळ, चाळीस डोळे हा सोपा मार्ग. या महाकायांना दगडी मुखवट्यासारखे चेहरे आहेत, ज्यांवर राग-लोभ उमटत नाही. बोलतात ते फक्त डोळे. शांत असताना निळसर, आपण छेड काढली की नारिंगी. एवढ्या एका रंगबदलावर चमूने सगळा भार टाकला, आणि त्याने एक अवघड गोष्ट साधली : आपल्याला दिसत राहतं की आधी डोळे निळे होते. भांडण आपण काढलं.

तेराव्याच्या बाबतीत तर हे फारच बोचतं. वाळवंटावर तरंगणारा एक अतिलांब, सर्पासारखा प्राणी, पोटाखाली हवेच्या तीन पिशव्या, कडेला पंखांसारखे पडदे. सोळांत सर्वांत मोठा तोच. तो आपल्यावर हल्ला करतच नाही. आपण घोडा फेकत बाणांनी त्या पिशव्या फोडायच्या, मग तो खाली येतो, त्याचे पंख वाळूत रेघा ओढत जातात, आणि त्याच्या बाजूने दौडताना आपण त्या पंखावर उडी घ्यायची. तिथून वर चढल्यावर खाली सगळं वाळवंट दिसतं, वारा कानांत भरतो, आणि हातात तलवार असते.

महाकाय पडतो तेव्हा विजयाची तुतारी वाजत नाही. संगीत शोकाचं आहे. त्याच्या देहातून काळे धागे निघून वांडरला भोसकतात, आणि तो देह दगड-मातीचा ढीग होतो. पुढे कधी त्या बाजूला घोडा वळवला तर तो ढीग तिथेच सापडतो. जो प्राणी इतका वेळ एक जागा होता, तो आता कायमची जागा झालेला असतो. २००७ च्या ‘रेन ओव्हर मी’ या चित्रपटात ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात बायको-मुली गमावलेला एक माणूस आपल्या घरात बसून हाच खेळ खेळत राहतो. त्या भूमिकेसाठी याहून योग्य खेळ निवडता आला नसता, असं मला वाटतं.

यानंतर मोठेपणाच्या बाबतीत बरेच खेळ पुढे गेले. २०१० च्या ‘गॉड ऑफ वॉर ३’ची सुरुवात ऑलिम्पस पर्वत चढणाऱ्या गाया या टायटनच्या अंगावर होते, ती हलली की आपल्या पायाखालची जमीन उभी होते, आणि कॅमेरा दूर दूर जात नायकाला ठिपका करून टाकतो. पुढे क्रोनोस या दुसऱ्या टायटनच्या देहावरची लढाईही तशीच डोळे दिपवणारी. पण तिथे कॅमेरा आणि वाट दोन्ही बनवणाऱ्यांनी आखून दिलेली असतात. आपण एक प्रचंड देखावा पाहतो. कुठल्या केसाला धरायचं, कुठे दम खायचा, कधी झेप घ्यायची हे ठरवत आपणच चढलेला देह जसा लक्षात राहतो, तसा देखावा राहत नाही. दृश्याची भव्यता वाढवायला यंत्राची ताकद पुरते. त्या देहाला जमीन करायला मात्र आधी त्याचं प्रत्येक वळण कुणीतरी हाताने रचावं लागतं.

२०१८ साली ब्लूपॉइंट कंपनीने हा खेळ प्लेस्टेशन ४ साठी नव्याने उभारला. गवताची पाती, दगडावरचं शेवाळ, केस, पाणी, उजेड, सगळं नव्याने रंगवलं. महाकायांची अंगकाठी, चाल आणि त्यांच्यावर चढण्याच्या वाटा मात्र २००५ च्याच ठेवल्या, आणि त्या आजही जराही जुन्या वाटत नाहीत. घरात कुणाकडे ते यंत्र असेल तर एकदा खेळून पाहा, नाहीतर खेळणाऱ्याच्या शेजारी बसा. आणि तेराव्यापर्यंत पोहोचलात, तर पहिला बाण सोडण्याआधी त्याला थोडा वेळ नुसतं उडू द्या. तो तुम्हाला काहीही करणार नाही.